तीन करडं, एक लांडगा आणि बारा तासिका: परीकथेतून पहिली-दुसरीला इंग्रजी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दुसरीच्या वर्गाला एक इंग्रजी परीकथा शिकवली. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. एक ओळ वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, पुढची ओळ घ्यायची. आठवड्यानं एका पोराला उभं केलं नि विचारलं, "वन्स अपॉन अ टाइम म्हणजे काय रे?" त्यानं हाताची घडी घातली आणि खणखणीत सांगितलं, "वन्स म्हणजे एकदा, अपॉन म्हणजे वर, टाइम म्हणजे घड्याळ. एकदा घड्याळावर." वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या वहीत तसंच होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आधी औसा तालुक्यात, मग आंतरजिल्हा बदलीनं बीड जिल्ह्यात. दोन्हीकडं जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, पहिली-दुसरी एकाच खोलीत. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, पण आमच्या लेकरांच्या कानावर इंग्रजी पडतं ते मोटारसायकलीवरच्या नि खताच्या पोत्यावरच्या सुट्या शब्दांपुरतं. अख्खं वाक्य, तेही पुन्हा पुन्हा, कानी पडत नाही. परीकथा कामाला येते ती इथं. तिच्यात एकच वाक्य तीनदा, सहादा येतं, आणि दर वेळी लेकरू ते ऐकायला आधीपेक्षा जास्त आतुर असतं. म्हणून गोष्ट निवडताना तात्पर्य बघू नका, चित्रं बघू नका, धृपद बघा. नाथांच्या पैठणच्या मुलखात भारुडाचं धृपद मागचे टाळकरी जसं उचलून धरतात, तसं वर्गाला उचलता येईल असं वाक्य गोष्टीत आहे का, एवढंच तपासा.

कोणती गोष्ट, आणि डुकरं का नकोत

सिंड्रेला मला आवडते, पण तिच्यात धृपद नाही. राजवाडा, बग्गी, काचेचा बूट हे सगळं समजावण्यातच तासिका संपतात. लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीत 'व्हॉट बिग आइज यू हॅव' हा सुंदर तुकडा आहे, पण तो शेवटी येतो आणि तोवर वर्ग खिडकीबाहेर गेलेला असतो. माझ्या अनुभवात पहिल्यांदा घ्यायला सगळ्यात पक्की गोष्ट म्हणजे तीन लहान डुकरांची: एकाचं घर काडाचं, दुसऱ्याचं काटक्यांचं, तिसऱ्याचं विटांचं, आणि दारात लांडगा.

अडचण डुकरांची. आपल्याकडं डुक्कर ही शिवी आहे. नाटकात डुक्कर व्हायला कुणी तयार होत नाही. जे लेकरू होतं त्याला पुढं महिनाभर चिडवतात, आणि ज्याच्या घरी डुकरं पाळतात त्याला तर वर्षभर. मुसलमान घरातल्या आईबापांनाही ते अवघड जातं. रानडुकरांनी सोयाबीन नासवलेल्या गावात तर सगळा वर्ग लांडग्याच्या बाजूनं होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी दोन वर्षं ओढूनताणून डुकरं चालवली, मग सोडून दिली. आमच्या गोष्टीत तीन करडं आहेत. दारोदार काळी उस्मानाबादी शेळी बांधलेल्या भागात करडू कुणालाही व्हायचं असतं.

मूळ गोष्ट बदलली म्हणून संकोच नको. जोसेफ जेकब्स यांच्या १८९० च्या संग्रहातून ही गोष्ट जगभर पोचली. त्यात लांडगा पहिली दोन डुकरं खाऊनच टाकतो, आणि तिसरं डुक्कर शेवटी लांडग्याला शिजवून खातं. मधलं घर तिथं काटेरी झुडपाचं आहे, काटक्यांचं नाही. डिस्नेच्या १९३३ च्या कार्टूनपटात ती दोन डुकरं पळून वाचली. म्हणजे ज्यानं सांगितली त्यानं आपल्या श्रोत्यांकडं बघून बदलली. लांडगा आणि सात करडं ही गोष्ट तर ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात आहेच. उलट करडांमुळं एक फायदा होतो. डुकरांच्या गोष्टीत डुक्कर म्हणतं, 'नॉट बाय द हेअर ऑफ माय चिनी चिन चिन', म्हणजे माझ्या हनुवटीच्या केसाची शपथ, येऊ देणार नाही. डुकराला कसली आलीय दाढी? बोकडाला मात्र असते. हे वाक्य करडाच्या तोंडीच जास्त शोभतं.

आधी गोष्ट कापायची

छापील गोष्ट जशीच्या तशी वर्गात नेऊ नका. तिच्यातली 'ही रिप्लाइड', 'ही एक्सक्लेम्ड' अशी झालर काढा आणि शंभरेक शब्दांचा सांगाडा ठेवा. मी वापरते तो खाली देते. इथं इंग्रजी देवनागरीत लिहिलंय ते तुमच्या उच्चाराच्या सोयीसाठी. फळ्यावर इंग्रजी इंग्रजीच्याच अक्षरांत लिहायचं. शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून देण्याची सवय लेकरांना एकदा लागली की डोळा खाली उतरतच नाही.

थ्री लिट्ल गोट्स. गोट वन मेक्स अ हाउस ऑफ स्ट्रॉ. हिअर कम्स द वुल्फ! नॉक, नॉक, नॉक.
"लिट्ल गोट, लिट्ल गोट, लेट मी कम इन!"
"नो, नो! नॉट बाय द हेअर ऑफ माय चिनी चिन चिन!"
"देन आय विल हफ, अँड आय विल पफ, अँड आय विल ब्लो युवर हाउस डाउन!"
ही हफ्स, ही पफ्स. डाउन कम्स द हाउस! रन, लिट्ल गोट, रन!

दुसऱ्या करडाला हेच, फक्त 'स्ट्रॉ'च्या जागी 'स्टिक्स'. तिसऱ्याला 'ब्रिक्स', आणि शेवट बदलतो: "ही हफ्स, ही पफ्स. द हाउस डझ नॉट फॉल डाउन." मग लांडगा घरावर चढतो, धुराड्यातून आत उतरतो आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात पडतो. 'हॉट! हॉट! आउच!' म्हणत पळून जातो. धुराडं आपल्या लेकरांना ठाऊक नसतं. माळवदातून धूर जायला भोक असतं, ते दाखवा, काम भागतं. (लांडगा मरायलाच पाहिजे असा आग्रह दर वर्षी धरला जातो. मी मान्य करते, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा पळून जातो.)

कथनाची सगळी वाक्यं चालू काळात ठेवलीत, तीही जाणूनबुजून. 'मेड', 'केम', 'ब्लू' ही भूतकाळी रूपं तिसरी-चौथीला याच गोष्टीतून घ्या. पहिलीला दोन्ही एकदम दिलं की एकही बसत नाही.

पहिली तासिका: एकही इंग्रजी शब्द नको

पहिल्या दिवशी चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगा, मराठीत, नेहमीच्या लयीत. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. मोठा पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. कावळा दारात येतो: "चिऊताई, चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे." पुन्हा "दार उघड." "थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे."

हे कुठल्याही घरातल्या लेकराला येतं. नसेल येत तर घरी आजीला विचारायला सांगा, तेवढंच तिला काम. बघा, कच्चं घर, पक्कं घर, दारात कुणीतरी, आतून नकार, आणि तेच तेच वाक्य. इंग्रजी गोष्टीचा साचा लेकरांच्या डोक्यात मराठीत आधीच बसलेला आहे. उद्या 'लिट्ल गोट, लिट्ल गोट' ऐकलं की त्यांना अर्थ विचारावा लागत नाही, कारण त्या लयीत दारच वाजत असतं.

तासिकेच्या शेवटी एवढंच सांगा की उद्या दारात कावळा नाही, लांडगा येणार आहे. बाकी काही नाही.

दुसरी आणि तिसरी तासिका: सामान घेऊन सांगणे

शाळेत येताना पेंढीभर कडबा, मूठभर तुराट्या किंवा पऱ्हाट्या आणि तीन-चार विटा आणा. आणायला लेकरांना सांगितलं तर विटा नको तितक्या येतात, तेव्हा नेमून द्या. खरं बघायला गेलं तर 'स्ट्रॉ' म्हणजे गव्हाचं काड, पण आपल्या रानात कडबाच हाताशी असतो, तो चालतो. चित्रापेक्षा हे सामान कितीतरी बरं. कडबा हातात घेतला की हलका लागतो, वीट उचलताना हात खाली जातो. 'वीक' आणि 'स्ट्राँग' हे शब्द तिथंच कळतात.

गोष्ट इंग्रजीत सांगा, सावकाश, हातवारे करून. 'हाउस' म्हटलं की दोन्ही हातांचं छप्पर. 'वुल्फ' म्हटलं की पंजे. 'लेट मी कम इन' म्हणताना खरंच दारावर टकटक करा. 'चिनी चिन चिन'ला हनुवटी धरून मान हलवा. त्याचा अर्थ सांगत बसू नका. 'अडगुलं मडगुलं'चा अर्थ आपल्याला कुणी सांगितला होता? 'ब्लो युवर हाउस डाउन'ला जमिनीवर रचलेला कडबा खरोखर फुंकून पाडा. वर्ग ओरडेल. ओरडू द्या, शेजारच्या वर्गाच्या गुरुजींना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

मधे कुणी विचारेल, "बाई, स्टिक म्हणजे तुराटी ना?" हो म्हणा आणि पुढं जा. मराठी बोलायला बंदी नाही. फक्त तुम्ही स्वतः ओळीमागं ओळ मराठीत सांगायला लागू नका. तसं केलं की लेकरं इंग्रजी ओळ संपायची वाट बघतात आणि फक्त मराठी ऐकतात. माझ्या घड्याळावरच्या पोराचं तेच झालं होतं.

पहिल्या दिवशी गोष्ट दोनदा सांगा, दुसऱ्या दिवशी तीनदा. लेकरांकडून अजून काही वदवून घ्यायचं नाही. फक्त हातवारे त्यांनी करायचे. काही जण ओठ हलवायला लागतील. त्यांच्याकडं बघितलं न बघितलं करा. व्हिडिओ मात्र या टप्प्यात लावू नका. पडद्यावरचा लांडगा वर्गासाठी थांबत नाही, तुमचा थांबतो.

चौथी ते सहावी तासिका: धृपद आणि तोंडाची कसरत

आता वर्गाचे दोन गट करा. एक गट लांडगा, एक करडू, रोज अदलाबदल. मधलं कथन तुमचं. तुम्ही 'नॉक, नॉक, नॉक' म्हणून थांबायचं आणि लांडग्यांकडं बघायचं, बस. ते धृपद उचलतात. पहिल्या दिवशी निम्मं पुटपुटतील, तिसऱ्या दिवशी पत्रे हादरतील.

उच्चाराचं काम इथं करून घ्या, कारण नेमके आपल्या लेकरांना अडणारे आवाज या गोष्टीत जमलेत.

सुरुवात 'पफ'पासून. कागदाची बोटभर पट्टी तोंडासमोर धरायला सांगा. 'पाणी' म्हणा: पट्टी जवळजवळ स्थिर राहते. इंग्रजी 'पफ' म्हणा: पहिल्या आवाजाला झुळूक निघते, पट्टी हलली पाहिजे. हा खेळ पाच मिनिटांचा, पण पुढं 'पेन', 'पेपर', 'पुट' सगळीकडं लागू पडतो. शेवटचा 'फ' वेगळा. आपण 'फळ' म्हणताना पुष्कळदा दोन्ही ओठ मिटून उघडतो. 'हफ' आणि 'पफ'च्या शेवटी वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासून जाते. 'ससा होऊन दाखव' म्हटलं की दात आपोआप पुढं येतात.

'वुल्फ' आणि 'विल'चा 'व' म्हणताना दात ओठाला लागत नाहीत. चुलीवर फुंकणी धरतो तसे ओठ गोल करून सुरुवात करायची.

मग 'स्ट्रॉ', 'स्टिक्स', 'स्ट्राँग'. आमच्याकडं कुणी 'इस्टिक' म्हणतं, कुणी 'सटिक'. चूक म्हणून सांगत बसलं की तोंडच बंद होतं. त्याऐवजी साप करा: 'स्स्स्स' असा लांब आवाज काढत बोट हवेत सरकवायचं, आणि बोट बाकावर टेकलं की 'टिक'. सापाच्या आधी काही नाही, सापाच्या नि टिकच्या मधे काही नाही. चारेक दिवसांत साप लहान होत होत जागेवर येतो. नाही आला तरी चालतं. समोरच्याला कळलं पाहिजे, साहेबासारखं ऐकू आलं नाही म्हणून काही अडत नाही.

'माय' आणि 'युवर' यात गोंधळ होतो. उत्साहाच्या भरात लांडगा 'आय विल ब्लो माय हाउस डाउन' म्हणतो आणि स्वतःचंच घर पाडतो. बीड-जालन्याकडं सोपं आहे. घरात लेकरं 'मपलं', 'तुपलं' म्हणतातच. छातीवर हात ठेवून मपलं हाउस, माय हाउस. समोर बोट दाखवून तुपलं हाउस, युवर हाउस. एरवी बोलीतला शब्द वर्गात आला की आपण टोकतो. इथं तोच पूल होतो.

सातवी तासिका: शब्दांची अदलाबदल, अंगानं

ही तासिका सगळ्यात कमी तयारीची, आणि माझी सगळ्यात लाडकी. दोन लेकरांना उभं करा. एकाच्या हातात 'कडब्याचं' लिहिलेली पाटी, दुसऱ्याच्या हातात 'घर'. वर्गानं वाचायचं: कडब्याचं घर. आता इंग्रजी. 'हाउस' पाटी धरणारं लेकरू आधी उभं राहतं, 'स्ट्रॉ' धरणारं मागं जातं, आणि दोघांच्या मधे तिसरं लेकरू 'ऑफ' घेऊन घुसतं. हाउस ऑफ स्ट्रॉ. दोघांनी जागा बदलल्या, तिसरा मधे आला. मराठीत वस्तू आधी नि घर नंतर, इंग्रजीत उलट, हे व्याकरणाचा एक शब्द न उच्चारता दिसतं. मग तुराट्यांचं घर, विटांचं घर. मग मातीचं घर, हाउस ऑफ मड. लेकरं चालत चालत जागा बदलतात, त्यामुळं बसून कंटाळलेल्यांची सोय होते ती वेगळीच.

आणखी एक गंमत तयारच मिळते. कडबा मोजत नाहीत, तुराट्या नि विटा मोजतात. इंग्रजीतही 'स्ट्रॉ'ला शेपूट नाही, 'स्टिक्स' आणि 'ब्रिक्स'ला 'स'ची शेपटी आहे. कडबा, तुराट्या, विटा. स्ट्रॉ, स्टिक्स, ब्रिक्स. दोन्ही भाषा इथं एका चालीनं चालतात, तेव्हा एकाखाली एक म्हणून घ्या आणि सोडून द्या.

आठवी आणि नववी तासिका: मैदानात

खडूच्या भुकटीनं किंवा राखेनं तीन घरं आखा. तीन करडं, एक लांडगा, बाकीचा वर्ग वारा. वारा म्हणजे 'हफ' आणि 'पफ'ला सगळ्यांनी फुंकायचं. यामुळं कुणी रिकामं बसत नाही, आणि बुजरी लेकरं गर्दीत लपून बोलायला शिकतात. दोन इयत्ता एकत्र असतील तर पहिलीला वारा नि करडं द्या, दुसरीतल्या धीट मुलीला सूत्रधार करा. तिसरी-चौथी जवळ असेल तर कथन त्यांच्याकडं.

लांडगा कुणाला करायचं? वर्गात जे लेकरू एका जागी बसत नाही, त्याला. बाकी सगळ्या तासांना जे आवरावं लागतं तेच इथं हवं असतं. आणि लांडगा व्हायचं म्हणजे सगळ्यात लांब ओळ पाठ पाहिजे, हे त्याला आधी सांगू नका.

नाटक चालू असताना चूक दुरुस्त करायची नाही. ओळ विसरली तर तुम्ही वारा होऊन मागून कुजबुजा. दुरुस्ती उद्याच्या कागदाच्या पट्टीला.

दहावी तासिका: स्वतःचं घर

आतापर्यंत लेकरांनी ऐकलेलंच म्हटलं. आता ओळीतला एक शब्द त्यांना बदलू द्या. "चौथं करडू आलंय, त्याचं घर कशाचं?" पत्र्याचं, हाउस ऑफ टिन. दगडाचं, स्टोन. उसाच्या पाचटाचं असं एक जण दर वर्षी म्हणतंच, त्याला 'शुगरकेन लीव्हज' द्या. एकदा एका मुलीनं 'हाउस ऑफ भाकरी' केलं आणि लांडगा ते फुंकण्याऐवजी खात सुटला. भाकरीला इंग्रजी शब्द शोधायची मला गरज वाटली नाही.

इथं 'स्ट्राँग' आणि 'वीक' येतात: "द टिन हाउस इज वीक. द स्टोन हाउस इज स्ट्राँग." औशाकडं असताना या वाक्यावर मी अडखळले. एका मुलानं घरी जाऊन आजीला हे म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आजी शाळेत आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप तिनं सोसलेला. म्हणाली, "बाई, आमच्या भिंती हातभर रुंद दगडाच्या होत्या, वर माळवदाची माती. त्याच अंगावर आल्या. कुडाच्या गोठ्यात निजलेले वाचले." दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरचं मातीचं ओझं यांनीच त्या भागात हजारो माणसं गाडली गेली, हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही. त्या दिवसापासून माझ्या वाक्याला दोन-तीन शब्द जोडले गेले: "स्ट्राँग इन द विंड." वाऱ्यात पक्कं. पावसात कोणतं? उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होतं? "इन द रेन", "इन द सन". एका आजीमुळं वाक्य लांब झालं आणि लेकरांना ते बोलायला कारणही मिळालं. लातूर-धाराशिवकडं ही गोष्ट घेणार असाल तर हे शब्द पहिल्यापासूनच ठेवा.

अकरावी आणि बारावी तासिका: वाचन, आणि आठ पानांचं पुस्तक

अक्षरं इतक्या उशिरा का, असं पालक विचारतात. खासगी शाळेतलं शेजारचं पोर 'ए टू झेड' लिहितं, मग आपलं का नाही? माझं उत्तर एकच: ज्या ओळी तोंडात बसल्यात त्या वाचताना लेकरू अडत नाही, ओळखतं. 'लेट मी कम इन' फळ्यावर लिहा, बोट सरकवत म्हणा, मग मधला एक शब्द पुसा आणि विचारा कुठला गेला. वाक्याच्या पट्ट्या कापून शब्द सुटे करा नि पुन्हा जुळवायला द्या. एवढं पुरे.

पुस्तकाला एक कोरा ए-फोर कागद लागतो. लांबीत अर्धा दुमडा, मग आडवा दोनदा अर्धा दुमडा. उघडला की आठ चौकोन दिसतात. आता कागद आडवा एकदाच अर्धा दुमडा, आणि घडीच्या बाजूनं मधल्या रेषेवर पुढच्या घडीपर्यंत, म्हणजे एकच चौकोन, कात्री चालवा. कागद उघडून पुन्हा लांबीत दुमडा. दोन्ही टोकं धरून आत ढकलली की मधली चीर फुलून चौकट होते, आणि पानं एकावर एक पडतात. मुखपृष्ठ धरून आठ पानं, टाचणी-डिंक काही नको. कात्री तुम्ही चालवा. वीस पुस्तकं आदल्या संध्याकाळी करून ठेवली तर तासिका वाचते.

पहिलं पान नाव नि 'थ्री लिट्ल गोट्स'. मग तीन घरांना दोन-दोन पानं: डावीकडं घराचं चित्र आणि 'हाउस ऑफ' पुढं रिकामी जागा, उजवीकडं लांडगा आणि त्याच्या तोंडचं एखादं वाक्य. शेवटचं पान 'आउच'. पहिलीवाले फक्त चित्र काढून एक शब्द लिहितील, दुसरीवाले ओळ उतरवतील. कडब्याच्या घराला खरी काडी चिकटवू द्या.

परीक्षा वेगळी घेऊ नका. पुस्तक घेऊन एकेकाला जवळ बोलवा. "शो मी द वुल्फ" म्हटल्यावर बोट ठेवतं का? "इज द हाउस स्ट्राँग?" ला 'येस' किंवा 'नो' येतं का? आणि न शिकवलेलं घर सांगितलं, समजा 'हाउस ऑफ पेपर', तर ओळ स्वतः बदलून म्हणतं का? तिसरं जमलं त्याला सूत्रधार करायला घ्या. पहिलंच अडलं तर त्या लेकराला चौथ्या तासिकेच्या खेळात पुन्हा घाला, वहीत नाही.

या सगळ्याला जुलै-ऑगस्ट बरा. बीडकडं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि निम्मा वर्ग आईबापांसोबत फडावर जातो. सगळ्यांना हंगामी वसतिगृहात राहता येत नाही. तेव्हा पुस्तक शाळेत भिंतीवर टांगून ठेवू नका, लेकराच्या पिशवीत घाला. मार्च-एप्रिलात टोळ्या परतल्या की पहिल्या दिवशी वर्गाचं दार आतून लोटून घ्या, आलेल्यांना बाहेर थांबवा आणि आतल्यांना गप्प बसवा. बाहेरून टकटक होऊन 'लिट्ल गोट, लिट्ल गोट' ऐकू आलं तर आतल्यांनी हनुवटी धरून उत्तर द्यायचं. नुसतीच टकटक झाली, तर कडबा घेऊन दुसऱ्या तासिकेपासून पुन्हा सुरू करायचं.